टाकीत किती हाईत?

माणूस भेटला की आपण "काय, बरं आहे ना?" असं विचारतो. अप्पा विचारायचे, "टाकीत किती हाईत?"

मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी नोकरीत अगदी नवा होतो. लातूरहून चाकूरकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचा सिमेंटचे विजेचे पोल बनवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, उघड्यावर साच्यांच्या लांबच लांब रांगा, एक मिक्सर आणि लिंबाच्या झाडाखाली ऑफिस. डिप्लोमा करून मी तिथं क्वालिटीचा इंजिनिअर म्हणून लागलो. माल बरा निघतो की नाही ते बघायचं आणि रजिस्टर भरायचं, एवढंच काम. अप्पा वीज कंपनीच्या वतीनं माल तपासायला यायचे. त्यांची सही झाल्याशिवाय एकही पोल गेटबाहेर पडत नसे. ढगळ पँट, पायात चपला, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. दुपारपर्यंत विभूती कुठं संपली आणि सिमेंटची धूळ कुठं सुरू झाली ते कळायचं नाही.

पोल ओतताना त्याच काँक्रीटचे वीतभर ठोकळे आम्ही ओतून ठेवायचो. ते पाण्याच्या टाकीत पडून असत. एका तारखेचे सहा. त्यातले तीन दोन-तीन दिवसांनी मशिनमध्ये दाबून फोडायचे. ठोकळा पुरेसा जोर सोसून फुटला तर काँक्रीट धरलं असं समजायचं, आणि मगच पोलांच्या आत बळकटीसाठी ताणून बसवलेल्या पोलादी तारा साच्याच्या टोकांशी कापायच्या. उरलेले तीन महिन्यानं, तपासणीच्या वेळी फोडायचे. अप्पा विचारत होते ते या ठोकळ्यांबद्दल.

"असतील पंचवीस-तीस," मी म्हणालो.

"असतील म्हंजे?"

"म्हणजे... मोजले नाहीत, अप्पा."

"मग माहीत न्हाई म्हन की. त्यात काय लाज?"

त्यांनी उजवी बाही दंडापर्यंत वर सारली, टाकीच्या कठड्यावर बसले आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून एकेक ठोकळा वर काढला. तारीख वाचायची, शेजारी ठेवायचा, पुढचा काढायचा. सत्तावीस निघाले. मग सत्तावीस परत आत सोडले. टाकीचं पाणी चुन्याचं असतं. हात वाळला की कोपराच्या वरपर्यंत पांढरा फटक थर राहतो. तो हात तसाच घेऊन अप्पा दिवसभर हिंडले आणि तसाच घेऊन एस.टी.त बसले. मी मनात म्हणालो, म्हातारा सटकलेला आहे.

हे मत पुढं कितीतरी दिवस टिकलं, कारण अप्पांनी त्याला खतपाणीच घातलं. कारखान्याचा चहा ते पीत नसत. शेठला वाटायचं, माणूस इमानदार आहे, कुणाचं काही घेत नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "इमान-बिमान काय न्हाई रे. तुमचं बोअरचं पानी मचूळ हाय." काँक्रीटमध्ये घालायचं पाणी ते जिभेवर घेऊन बघायचे. ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे, डोळे मिटून गालातल्या गालात फिरवायचे आणि पचकन बाजूला टाकून द्यायचे. प्रयोगशाळेचा दाखला समोर ठेवला तरी आधी हे. वाळू मुठीत चोळून बघायचे आणि माती लागलेला तळवा ट्रकवाल्याच्या नाकासमोर धरायचे. जेवण स्वतःचं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, फडक्यात बांधलेला कांदा. कांदा मात्र सगळ्यांना वाटायचे.

खिशात काडेपेटी असायची. ते लपून बिडी ओढतात अशी कामगारांची खात्री होती. खरी गोष्ट वेगळीच होती. तारा घाईनं कापल्या, काँक्रीट नीट धरायच्या आधी, तर तारेचं टोक पोलाच्या तोंडातून आत सरकतं आणि तिथं बारीकसं भोक पडतं. अप्पा पोलाच्या बुडाशी उकिडवे बसून त्या भोकात काडी घालायचे. काडी अडली तर बरं. आत गेली तर ती किती गेली ते नखानं धरून ठेवायचे आणि काही न बोलता पुढच्या पोलाकडं सरकायचे. त्या न बोलण्याची आम्हाला जास्त भीती वाटायची.

कुठला पोल तपासायचा हे ठरवायची त्यांची पद्धत तर मी पुन्हा कुठंच पाहिली नाही. इतर तपासनीस यायचे, छत्रीच्या दांड्यानं ढिगातला वरचा पोल दाखवायचे आणि घामाघूम होऊन पंख्याखाली बसायचे. अप्पा गेटवर खुर्ची टाकून रस्त्याकडं तोंड करून बसायचे. पुढची जी एस.टी. येईल तिच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे, तो पोल. ढिगाच्या तळाशी असला तरी काढून द्यायचा.

आमच्या सुपरवायझरला यावर एकदा जालीम उपाय सुचला. सव्वाअकराला उदगीरची गाडी रोज जायची आणि महिनाभर तीच गाडी, शेवटी बेचाळीस. त्यानं बेचाळीस नंबरचा पोल असा काही बनवून घेतला की तो रणगाडा अंगावर गेला तरी तुटला नसता. अप्पा अकराला आले, त्यांना आदरानं खुर्चीवर बसवलं. सव्वाअकराला गाडी धूळ उडवत आली आणि गेली. आम्ही सगळे बेचाळीस, बेचाळीस म्हणत उठलो.

अप्पा बसूनच राहिले. "ही न्हाई," म्हणाले. "पुढची."

"कामून अप्पा? आली की एस.टी."

"हिच्या ड्रायव्हरला तुमचा सुपरवायझर लई आनंदानं नमस्कार करायलाय. सोयरा हाय का?"

पुढची गाडी यायला पाऊण तास लागला. तिनं जो पोल काढला तो पास झाला, ही गोष्ट वेगळी. पण बेचाळीस नंबर पुढं आमच्या कारखान्यात शिवीसारखा झाला. कुणी फार हुशारी केली की कामगार म्हणायचे, "बेचाळीस करू नको."

तपासणी सुरू झाली की अप्पा बदलायचे. पोल जमिनीवर आडवा ठेवून त्याचं बूड लोखंडी चौकटीत घट्ट आवळायचं, शेंड्याला तारेचा दोर बांधायचा आणि विंचचा रहाट फिरवून आडवं ओढायचं. वादळात वारा पोलाला रेटतो तसंच. ताण दाखवणारा काटा चढत जातो आणि पोल धनुष्यासारखा वाकतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला सिमेंट वाकतं यावर विश्वास बसत नाही. अप्पा त्या वेळी कुणाला खोकू द्यायचे नाहीत. एकदा शेठचा मोबाइल वाजला तर त्यांनी काटा शून्यावर आणायला लावून पुन्हा पहिल्यापासून ओढायला लावलं.

ताण सोडला की पोल सरळ होतो आणि पडलेले बारीक तडे मिटतात. डोळ्यांना काही दिसत नाही. इतर लोक इथं सही करतात. अप्पा पिशवीतून जुन्या धोतराचं फडकं काढायचे, ओलं करायचे आणि अख्खा पोल पुसून काढायचे. मग शेजारी बसायचे. पोल वाळत आला की वरचं पाणी आधी उडतं, तड्यातलं मागं राहतं, आणि केसाएवढी काळी रेघ तेवढी दिसू लागते. उन्हाळ्यात हे पाच-सात मिनिटांत होतं, पावसाळ्यात अर्धा-पाऊण तास लागतो. तो सगळा वेळ अप्पा पोलाकडं बघत बसायचे आणि आम्हालाही बसवायचे. तेव्हा मी चिडायचो. आता मीही फडकं बाळगतो.

मी मूळचा लातूरचा, आणि आमच्या लातुरात माणसाची ओळख टक्क्यांवरून. दहावीला किती, बारावीला किती, शेजारच्याला किती. अप्पांना हे ठाऊक होतं. रजिस्टर चाळताना म्हणायचे, "तुमच्या लातुरात पोरं आकड्यावर जगतेत. आकडा पडला की झालं. आकड्याच्या खाली काय हाय ते कोन बघतंय?" मी हसायचो. चिडवतात असं वाटायचं. चिडवतच होते, पण ते खरं असल्याचं मला थोड्या दिवसांनी कळणार होतं.

आमच्याकडं ठोकळे फोडायचं काम मिस्त्री करायचा. रेणापूरकडचा माणूस, अंगठ्याएवढ्या अक्षरात सही करणारा, पण हात लाखाचा. तो मशिनवर आकडा वाचून मला सांगायचा, मी रजिस्टरमध्ये लिहायचो. 'कोणी फोडले' या रकान्यात त्याचं नाव, खाली माझी सही. उन्हाळ्यात त्याच्या मुलीचं लग्न निघालं. सोमवार, दुपारी साडेबाराचा मुहूर्त. अख्ख्या कारखान्याला आमंत्रण. आम्हाला न्यायला मिस्त्री स्वतःच टेम्पो घेऊन आलेला. शनिवारी ओतलेले चोवीस पोल साच्यात होते. त्या दिवशी तारा कापून साचे मोकळे केले असते तर मंगळवारी पुन्हा ओतता आलं असतं. आणि लाइट गेलेली. विजेचे पोल बनवणाऱ्या कारखान्यात वीज नाही म्हणून ठोकळे फोडायचं मशिन बंद!

मिस्त्री नव्या टोपीत माझ्यासमोर उभा राहिला. "साहेब, मशिन बंद हाय. तारा कापू का न्हाई?"

मी म्हणालो, "काप."

आणि रजिस्टर उघडून लिहिलं, तेवीस पॉइंट सहा. आदल्या आठवड्यात तेवीस पॉइंट चार आला होता, परवा तेवीस पॉइंट नऊ. मधला आकडा काढायला लातूरच्या पोराला किती वेळ लागतो? लाइट आली की फोडू म्हणालो आणि लग्नाला गेलो. बुंदी, वांग्याची भाजी, मठ्ठा. पोटभर जेवलो. ठोकळे विसरलो ते विसरलोच.

महिन्यानं ती तारीख तपासणीला आली. त्याच आठवड्यात किनवटकडं वादळ झालं आणि लाइनच्या लाइन आडवी झाली. जंगलातल्या वस्त्यांवर लाइट नाही, पाण्याची मोटर बंद, पिठाची गिरणी बंद. पोल तातडीनं पाठवा म्हणून फोनवर फोन. तीन ट्रक गेटवर उभे होते. शेठ सकाळपासून कपडे घामानं भिजवून ऑफिसात येरझारा घालत होते.

अप्पा आले. "टाकीत किती हाईत?"

"तेहेतीस असायला पाहिजेत," मी म्हणालो. रजिस्टर बघून मी हिशेब करून ठेवला होता. एवढं मी शिकलो होतो.

त्यांनी बाही सारली. एकेक ठोकळा काढत गेले. छत्तीस निघाले. पुन्हा मोजले. मग तारखा लावून ढीग केले. प्रत्येक तारखेचे तीन, आणि त्या शनिवारचे सहा.

लग्नाआधीचा शनिवार. खोटं लिहिलं होतं ते आठवलं आणि पुरावा महिनाभर पाण्यात पडून होता तेही कळलं. निदान चोरून फेकून तरी द्यायचे होते! पण माणूस विसरतो तो पूर्णच विसरतो.

अप्पांनी ते सहा ठोकळे लिंबाखाली एका ओळीत मांडले आणि रजिस्टर मागवलं. शेठ आले. काय झालं ते त्यांना एका नजरेत समजलं.

"अप्पा, ठोकळे मिस्त्री फोडतो," शेठ म्हणाले. "तवा त्याच्या घरी लगीन होतं, डोकं ठिकान्यावर नव्हतं त्याचं. त्याला आजच काढून टाकतो. बास? तुम्ही बाकीचा माल बघा. किनवटला लोक अंधारात बसलेत."

मिस्त्री विंचपाशी उभा होता. त्यानं ऐकलं. माझ्याकडं एकदा बघितलं आणि मग खाली आपल्या पायाकडं बघत राहिला. "साहेबानं सांगितलं म्हणून कापल्या" एवढं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही.

अप्पांनी पिशवी उघडली. फडकं ओलं केलं आणि त्या शनिवारचा एक पोल पुसायला लागले. पुसून झाला, शेजारी बसले. आम्ही सगळे सवयीनं बसलो. पोल वाळू लागला.

मी काही धर्मराज नाही, म्हणून खरं ते सांगतो. तो पोल शेंड्याकडून निम्म्यापर्यंत वाळला तोवर मी गप्प होतो. घरी वडिलांना नोकरी लागल्याचं किती कौतुक होतं ते आठवत होतो. मिस्त्रीला दुसरीकडं काम मिळेल, असंही मनात येऊन गेलं. मग त्याची ती नवी टोपी आठवली.

"शेठ," मी म्हणालो, "आकडा मी लिहिला. ठोकळे फोडलेच नव्हते. मिस्त्रीनं मला विचारून तारा कापल्या."

शेठ रजिस्टर ओढून माझी सही बघायला लागले. अप्पा मात्र पोलावरची नजर न काढता म्हणाले, "माहीत हाय."

"माहीत होतं तर मग..."

"मिस्त्रीनं खोटं लिव्हलं असतं तर चोवीस लिव्हलं असतं. गोल. पॉइंटातलं खोटं शिकलेला मानूसच लिव्हतो." मग उठून त्यांनी काडेपेटी माझ्या हातात दिली. "चल. बुडाशी बस. काडी घालून बघ."

चोवीसपैकी सतरा पोलांत काडी आत गेली. दोन पोल ओढून बघितले. पहिल्यानं सोसलं. दुसऱ्याला निम्म्याच ताणावर तडा गेला आणि सोडल्यावर मिटला नाही. त्याला फडकंसुद्धा लागलं नाही. वाऱ्यात तो उभा राहिला नसता. त्यावर कुणी लाइनमन चढला असता तर? मिस्त्रीनं कानाला हात लावला. अप्पांनी चोवीसच्या चोवीस पोलांवर लाल फुल्या माझ्याकडून मारून घेतल्या. बाकीचा माल तपासून पास केला आणि तीन ट्रक उन्हं उतरायच्या आत किनवटच्या रस्त्याला लागले.

शेठनं मला तिथंच सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

मी अप्पांकडं बघितलं. वाटलं, आता तरी बोलतील. पोरगं खरं बोललं, ठेवून घ्या, एवढं म्हटलं असतं तर शेठनं ऐकलं असतं. अप्पांनी फडकं पिळलं, पिशवीत ठेवलं, गेटवर जाऊन हात दाखवला आणि आलेल्या एस.टी.त चढून निघून गेले. मागं वळूनही बघितलं नाही. त्या दिवशी मला शेठपेक्षा अप्पांचा राग आला. खरं बोलायला लावायचं आणि वाऱ्यावर सोडायचं, हा कुठला न्याय? चार महिने मी लातुरात घरी बसून तो राग सांभाळला.

मग अचानक नांदेडच्या एका पोल कारखान्यातून फोन आला. मुलाखत अशी झालीच नाही. तिथल्या मॅनेजरनं विचारलं, कधीपासून येता? नशीब उघडलं म्हणून मी गेलो. दोन वर्षं काम केलं. मॅनेजर तसा मोजकं बोलणारा, पण एकदा डब्यातली भाकरी खाताना सहज म्हणाला, "तुमचे ते अप्पा सध्या कुठं असतात?"

"माझे?"

तेव्हा कळलं. माझी नोकरी गेली त्यानंतर अप्पा चाकूरच्या आपल्या घरून एस.टी.नं नांदेडला गेले होते. ओळख ना पाळख, मॅनेजरच्या ऑफिसबाहेर बाकावर निम्मा दिवस बसून राहिले. आत घेतल्यावर म्हणाले, एक पोरगं हाय, ठेवून घ्या.

मॅनेजरनं विचारलं, कसा आहे?

अप्पा म्हणाले, "एकदा खोटा आकडा लिव्हलाय त्यानं."

"मग मी कशाला घेऊ?"

"लिव्हल्यावर काय हुतंय ते त्याला कळलंय. ज्यानं अजून लिव्हला न्हाई त्याला घ्याल, तर तो पहिला आकडा तुमच्याकडं लिव्हील."

मी डबा झाकून ठेवला. चार महिने सांभाळलेल्या रागाचं काय करायचं ते सुचेना.

पुढच्या सुट्टीला मी चाकूरला गेलो. अप्पांनी काम सोडलं होतं. ओसरीवर तक्क्याला टेकून बसले होते, डोळ्यांना कमी दिसत होतं. विभूती मात्र तशीच. काकूंनी तांब्या-भांडं आणून ठेवलं. मी घोट घेतला आणि नकळत तो तोंडात फिरवायला लागलो. अप्पांना ते दिसलं असावं, कारण ते खुदकन हसले. "गिळ. गोडं हाय."

"अप्पा, तुम्ही नांदेडला आला होतात ना? माझ्यासाठी?"

"मी? नांदेडला?" त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कशाला जाऊ? गोदावरीला गेलो असंन एकदा. सनवार असतेत."

"मॅनेजरनं सगळं सांगितलं मला."

"त्याला काय माहीत?" असं म्हणून त्यांनी काकूंना हाक मारली आणि कांदा-भाकरी आणायला सांगितली. विषय तिथंच मिटला. मग मिस्त्रीची विचारपूस केली. त्याला नातू झाला हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. पण ज्याची मी सकाळपासून वाट बघत होतो तो प्रश्न त्यांनी विचारला नाही. म्हातारा विसरला की काय, या विचारानं मला उगाच भडभडून आलं.

निघताना ते काठी टेकत फाट्यापर्यंत आले. नको म्हटलं तरी आले. एस.टी. लांबून दिसायला लागली तेव्हा मला राहवेना.

"अप्पा, एकोणचाळीस."

"काय एकोणचाळीस?"

"टाकीत. सकाळी नांदेडहून निघताना मोजले."

अप्पा थांबले. काठी काखेत धरली. "रजिस्टर बघून?"

"हात घालून."

त्यांनी माझा उजवा हात आपल्या हातात घेतला, मनगटाचं बटण सोडलं आणि बाही कोपराच्या वर सारली. गाडी गाठायच्या घाईत मनगटाच्या वर हात धुवायचा राहिला होता. दंडापर्यंत चुन्याचा पांढरा थर वाळलेला होता. डोळ्यांना कमी दिसतं म्हणून त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, अंगठ्याला आलेली पूड डोळ्यांजवळ धरून बघितली. मग बाही खाली ओढली आणि लहान लेकराचं लावावं तसं मनगटाचं बटण लावून दिलं.

"जा," म्हणाले, "गाडी आली."